कुणाच्या रानातला गूळ

आटपाडीहून लग्न करून मी रहिमतपूरच्या बाजूला आले तेव्हा माझ्या लेखी गूळ म्हणजे गूळ. दुकानात कागदात बांधून मिळतो, चहात पडतो, सणाला पुरणात पडतो, विषय संपला. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं ऊस कुठला आणि गुऱ्हाळ कुठलं. इथं सासरी आले तर घराच्या मागच्या अंगालाच गुऱ्हाळ आणि नवरा गुळव्या. म्हणजे काहिलीत उसाचा रस उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. वर्षभराची मेहनत शेवटी त्या एका माणसाच्या नाकापाशी आणि बोटांपाशी येऊन थांबते.

नवऱ्याला मालक म्हणायची आमच्यात पद्धत आहे, तशी मीही म्हणते. मालकी कुणाची ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तर या मालकांना चिडवायचा भारी नाद. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्यांनी मला चिपाडाच्या ढिगाजवळ उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि तोंडात कोमट गुळाचा खडा घातला.

"सांग, कुनाच्या रानातला?"

"आपल्या."

"आगं, सगळं गाव हितं ऊस गाळाय आनतंय. नीट चाखून सांग."

मला काय डोंबल कळतंय! गोड आहे, एवढंच म्हटलं. त्यावर ते इतके हसले की जाळ घालणारा गडी उठून बघायला आला. मग त्यांनी स्वतः एक खडा तोंडात टाकला, नाकानं सावकाश श्वास सोडला आणि म्हणाले, "वरच्या विहिरीचा. जरा खारट हाय, आनि मागनं जळक्या गवताचा वास येतोय. नदीकाठच्याला असला वास न्हाई." पुढं दर हंगामाला हा खेळ ठरलेला. दर वेळी मी हरायची आणि दर वेळी मला राग यायचा. मी शाळेत शिकवते. हरायची मला सवय नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे गेलं ते हे. माणूस गेला नाही. माणूस वाचला, असं लोक घरी येऊन मला अजून सांगतात.

मालक मोटारसायकलवरून कोरेगावहून येत होते. दिवेलागणीची वेळ. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली टायर फुटून उभी होती. मागं दिवा नाही, साधी लाल चिंधीही बांधलेली नाही. हंगामात आमच्या रस्त्यांवर अशा ट्रॉल्या जागोजाग उभ्या असतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि तरी माणसं त्यांच्यावर जाऊन आदळतात. हेल्मेट घरात खुंटीला होतं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. अंगावर म्हणाल तर कोपराला खरचटलं होतं फक्त. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, झोपलेत. आता उठतील आणि मी एवढी रडले म्हणून मला चिडवतील.

साताऱ्यात डोक्याचा फोटो काढला आणि तसंच सांगलीला न्यायला सांगितलं. सांगलीच्या डॉक्टरांनी मला कागदावर गोल काढून समजावलं. आत रक्त साठलंय, मेंदूला सूज आहे, कवटी काही फुगत नाही, म्हणून कवटीचा एक तुकडा कापून बाजूला काढायचा. सुजलेल्या मेंदूला तेवढीच जागा होते. तो तुकडा टाकून देत नाहीत. पोटाच्या कातडीखाली चरबीत जपून ठेवतात आणि सूज उतरली की काही महिन्यांनी परत बसवतात.

"डोस्क्याचं हाड प्वाटात?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी देशातली सगळी दैवतं एकदम हाक मारून बोलावली. पण नंतर त्या हाडाचा त्यांना मोठा आधार झाला. अतिदक्षता विभागात एकेकाला सोडायचे. आत्या आत जायच्या, चादरीखाली हात घालून पोटावरची ती टणक जागा चाचपायच्या आणि बाहेर येऊन मला सांगायच्या, "हाय गं. हाय." नाकात नळी, गळ्याला भोक पाडून त्यात नळी, डोक्याच्या एका बाजूला खळगा. त्या सगळ्यात आपल्या लेकराचं म्हणून ओळखता येण्यासारखं त्यांना तेवढंच सापडलं होतं.

मालकांनी डोळे उघडले त्या दिवशी आम्ही वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, डोळे उघडणं म्हणजे शुद्धीवर येणं नव्हे. तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता. आनंदावर पाणी ओतायचीही काही वेळकाळ असते की नाही? आता कळतं, त्यांनी अशा किती बायकांना पेढे वाटताना बघितलं असेल. डोळे उघडले ते छताकडं. मग काही दिवसांनी ते माझ्याकडं वळले. मग हात दाबायला लागले, पाणी गिळायला लागले. गळ्याची नळी काढल्यावर पहिला शब्द आला तो "भूक". त्यानंतर उभं राहणं, भिंत धरून चालणं. पुढं हाड परत बसवलं आणि डोक्याचा खळगा बुजला. टाके निघाले, केस वाढले. फोटोत बघाल तर काही झालंय असं वाटणार नाही.

आणि इथूनच खरं तर आजार सुरू झाला.

गावात ज्यानं त्यानं येऊन बघून जायचं. "चालतोय, बोलतोय, जेवतोय. आनि काय पायजे?" मी चहा करून द्यायची. काय सांगणार? की हा माणूस ब्रश हातात घेऊन मोरीत उभा राहतो आणि मी 'दात घासा' म्हणेपर्यंत तसाच उभा राहतो? की अंगात एक शर्ट असताना त्यावर दुसरा घालतो? की भावकीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयताला सगळे रडत असताना हा मोठ्यानं हसला आणि हसू थांबेना म्हणून दिरानं दंडाला धरून घरी आणला? पोट भरलं तरी मी पुरे म्हणेपर्यंत जेवत राहतात, म्हणून जेवतोय. एवढंच त्यातलं खरं.

राग हा तर निराळाच पाहुणा. लग्न झाल्यापासून घरात भांडायचं काम माझ्याकडं होतं. मालक फक्त हसायचे, त्यानं मी आणखी भडकायची. आता भाकरी गार झाली म्हणून ताट भिंतीवर जायला लागलं. आमची लेक कऱ्हाडला कॉलेजात होती. सुट्टीला आली तेव्हा तिच्या हातून टीव्हीचा रिमोट हिसकावून ते तिला असलं काही बोलले की मी ते इथं लिहिणार नाही. घटकाभरानं तिलाच विचारलं, "कवा आलीस?" पुढच्या सुट्टीला तिचा अभ्यास होता. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही अभ्यास होता. मी तिला कधी ये म्हटलं नाही. एक जण पुरे होतं ऐकायला.

वासाचं मात्र आमच्या फार उशिरा लक्षात आलं. एकदा शाळेतून आले तर दारातूनच धूर. गॅसवरचं दूध आटून पातेलं लाल झालेलं आणि मालक त्याच खोलीत पाटावर शांत बसलेले. मला बघून म्हणाले, "च्या कर की." मी खिडक्या उघडल्या, पातेलं मोरीत फेकलं. मग एक कांदा चिरून त्यांच्या नाकाखाली धरला, लसूण ठेचून धरला, शेवटी रॉकेलची बाटली धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. डॉक्टर म्हणाले, नाकातून वर मेंदूकडं जाणारे धागे फार नाजूक असतात, डोक्याला हिसका बसला की तुटतात. मी विचारलं, जुळतील का? ते म्हणाले, इतके महिने झालेत, आता आशा कमी. आणि कपाळामागचा जो भाग जास्त दुखावलाय, काम सुरू करणं, आधी काय नंतर काय हे लावणं, राग आवरणं, ते सगळं त्याच्याकडं असतं. पहिल्या वर्षात बरंच परत येतं, मग चाल मंदावते.

रहिमतपूर स्टेशनवरून आम्ही सांगलीला पॅसेंजरनं जायचो. खिडकीत बसून ते विचारायचे, "कुठं निघालोय?" मी सांगायची. किर्लोस्करवाडी गेली की पुन्हा विचारायचे. मी पुन्हा सांगायची. शाळेत दुसरीच्या वर्गाला मी हेच करते. तिथं मला कधी कंटाळा आला नाही, कारण ती मुलं तिसरीत जातात.

सांगलीत एक मुलगी त्यांना रोजची कामं पुन्हा शिकवायची. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी, पण बोलायला नेमकी. ती म्हणाली, काम बारीक पायऱ्यांत तोडा आणि शेजारी उभं राहून प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगा. हात हलायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. ओळखीची कामं हळूहळू करू द्या. मी तिला गुऱ्हाळाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ऊस मोजून घेऊ देत, ढेपांना कापड गुंडाळू देत. काहिलीजवळ इतक्यात नको, आणि एकटं तर नकोच.

घरी येऊन मी शब्दन् शब्द सांगितला. घरानं त्यातलं एकच वाक्य उचललं: ओळखीची कामं करू द्या. आत्यांच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आलं. "म्या म्हनत व्हते न्हवं? काहिलीपुढं हुबा ऱ्हायला की समदं आठवंल. हाताला आठवतंय. ह्या हंगामाचा पयला गूळ त्योच उतरवील."

इथं आमच्या मालकांची रीत सांगायला हवी. दुसरे गुळवे पळीनं पाक उचलून थंड पाण्यात सोडतात आणि त्याची गोळी होते का ते बघतात. आमच्या सासऱ्यांची रीत उघड्या हाताची होती, ती मालकांनी घेतली. उजव्या हाताला थंड पाण्याची बादली. हात पाण्यात बुडवायचा, तसाच ओला काहिलीत घालून चिमूटभर पाक उचलायचा आणि परत पाण्यात. डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळं. ओल्या हाताला चटका बसत नाही. आणि दुसरी एक रीत आहे ती सगळ्याच गुऱ्हाळांची: पाक वळणावर आला की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही. ऊसवाला नाही, आई नाही, भाऊ नाही. गुळव्याचा कान उकळीकडं असतो. तो 'घ्या' म्हणाला की काहील उतरवायची, तोवर सगळे गप. रीत चांगली आहे. मी त्या रीतीला कधी नावं ठेवली नव्हती.

मी म्हटलं, मी शेजारी उभी राहीन. आत्या म्हणाल्या, "आगं त्यो गुळव्या हाय. त्येला बाईमानूस सांगनार व्हय, आता हात बुडीव म्हनून? गाव हसंल. त्येला मानसात आनायचंय का मानसातनं उठवायचंय?"

मी खूप भांडले. माझं भांडण घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळं त्याला किंमत नाही. शेवटी दीर मला म्हणाला, "वहिनी, मी हाय की बाजूला. कशाला काळजी करताय?" तो बाजूला असणार होता, हे खरं होतं.

सकाळची वेळ होती. चुलवाणाची, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीची, पूजा झाली, नारळ फुटला. निम्मं गाव जमलं होतं. मालक काहिलीपुढं उभे राहिले, डावा पाय जरा पुढं, पूर्वी राहायचे तसे. खरं सांगते, मलाही वाटलं. एवढी भांडले होते ती मी, पण चिपाडाच्या ढिगाजवळ उभं राहून त्यांची ती पाठ बघितली आणि माझ्या मनात आलं, आत्यांचंच खरं निघू दे. देवा, मला खोटं पाड. हे परत येऊ देत, मला पुन्हा हरू दे.

रस आटत गेला. मळी निघाली, रंग चढला, बुडबुडे जाड झाले. वास बदलला तो मला कळला. आटपाडीच्या बाईलासुद्धा कळला. सगळ्यांनी मालकांकडं बघितलं. मालक काहिलीकडं बघत होते, शांतपणे, दूध जळत होतं त्या दिवशी बसले होते तसे. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. जाळ घालणाऱ्या गड्यानं जाळ ओढायचा की नाही म्हणून मान वर केली. कुणी बोललं नाही. गुळव्याला कळतंय, आपण कोण सांगणार?

मग मालकांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी बाही वर सारली. बादली उजवीकडं होती, हात तिच्याकडं गेला नाही. मी ओरडले, "आधी पाणी!" आणि त्याच वेळी माझ्या मागून कुणीतरी म्हातारं माणूस दरडावलं, "गप गं! मधी बोलू नगंस!"

कोरडा हात काहिलीत गेला.

ती किंकाळी मी सांगत नाही. धावपळीत काहील तशीच चुलवाणावर राहिली आणि पहिला गूळ कोळसा झाला. सगळ्या गावाला त्याचा वास येत होता. एकट्या मालकांना सोडून.

पुन्हा सांगली. मांडीची कातडी काढून हाताला लावली. बोटं राहिली, पण दोन एकमेकांना चिकटल्यासारखी आखडून गेली. दवाखान्याच्या जिन्यात दीर माझ्यासमोर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मला दिसत व्हतं, वहिनी. हात बादलीकडं जात न्हाई, मला दिसत व्हतं. पर काहिलीपुढं मी दादाला कवा बोललोय का?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आत्या त्या दिवसानंतर देवाचंसुद्धा कमी बोलतात. कधी जेवता जेवता लेकाच्या पोटावरच्या त्या जुन्या व्रणावर हात नेतात, तिथं आता काही नसतं, आणि हात मागं घेतात.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, आहे ते हे असं. झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या चालू आहेत, त्या मी देते. ब्रशवर पेस्ट मी लावते आणि 'घासा' म्हणते. राग कमी झालाय. त्याचं मला वाईट वाटतं हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण राग होता तेव्हा निदान आत कुणीतरी आहे असं वाटायचं. हाताचं काय झालं ते त्यांना आठवत नाही. अधूनमधून बोटं डोळ्यांपुढं धरतात आणि विचारतात. पाव्हणेरावळे येतात, मालकांना चालताना बोलताना बघतात आणि मला भाग्यवान म्हणतात. मी कुंकू लावते. पण माझा नवरा त्या ट्रॉलीपाशी राहिला, आणि त्याच्यासाठी मला रडताही आलं नाही, कारण तो समोर बसून चहा मागत होता.

गुऱ्हाळ आता दीर बघतो. तो पळी वापरतो. बापाची रीत त्यानं सोडली, त्यावर गावात कुणी एक शब्द काढला नाही. या हंगामात त्यानं पहिल्या काहिलीचा गूळ वाटीत घालून घरी आणून दिला. अजून कोमट होता. मी उभ्या उभ्या एक खडा तोंडात टाकला आणि थांबले. जिभेच्या कडेला जरा खारट लागलं. मग मागून, अगदी शेवटी, जळक्या गवताचा वास आला.

मी दिराला विचारलं, "वरच्या विहिरीचा का?"

तो म्हणाला, "व्हय. तुमाला कसं कळलं?"

मालक पडवीत खुर्चीवर बसले होते. मी वाटी घेऊन गेले, त्यांच्या चांगल्या हातावर खडा ठेवला. "आवं," मी म्हटलं, "चाखून सांगा बघू. कुनाच्या रानातला?"

त्यांनी खडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मी विचारलंय म्हणजे काहीतरी सांगायचं असतं, एवढं त्यांना कळलं होतं. चुकेल की काय म्हणून वर्गातली पोरं माझ्याकडं बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"गोड हाय," ते म्हणाले.

त्या खेळात मी पहिल्यांदाच जिंकले होते. बरोबर आहे, मी म्हटलं, आणि आत जाऊन मोरीतला नळ मोठा सोडला, रडलेलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.